संगणकाची जादा शिकवणी

"शनिवारपासून आपल्या घरचा संगणक पळणार! लिहून ठेव!" रेणुकादास सरांनी जेवता जेवता जाहीर केलं.

"पळणारच," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "तुम्ही मागं लागल्यावर दुसरं काय करील बिचारा?"

आता हे सर म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं. लातुरात तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस! साठ टक्क्यांचं पोरगं दिसलं की त्याच्यात नव्वद कुठं दडलेत हे शोधायला त्यांचे हात शिवशिवायचे. पहाटे जादा शिकवणी, रविवारी सराव परीक्षा, चुकलं की पुन्हा पेपर. असं घासून घासून त्यांनी कितीतरी पोरं वर काढली. दोन वर्षांपूर्वी सर निवृत्त झाले आणि पोरं संपली. मग त्यांनी घरातल्या वस्तू धरल्या! मिक्सरला हात लावला, तो तेव्हापासून दोन्ही हातांनी दाबून धरल्याशिवाय फिरत नाही. इस्त्री दुरुस्त केली, ती आता बारा महिने गारच असते. राहता राहिला संगणक.

संगणक चौदा वर्षांचा. चंद्रप्रभाबाई पन्नाशी उलटल्यावर त्याच्यावर टायपिंग शिकल्या आणि लग्नपत्रिका तयार करून द्यायला लागल्या. पण तो सुरू व्हायला अकरा मिनिटं लागायची. बाई बटण दाबायच्या, चहा ठेवायच्या, कप घेऊन दारातल्या पायरीवर बसायच्या आणि कप विसळून परत येईपर्यंत संगणकाला कुठं जाग आलेली असायची. सरांना हे बघवत नव्हतं. आपल्या शाळेपायी या बाईनं तीस वर्षं पहाटे चारला उठून डबे केले, आता तिचा वेळ वाया जाऊ द्यायचा नाही, असं त्यांनी मनावरच घेतलं होतं. नवीन संगणकाचा विषय काढला की बाई म्हणायच्या, "हा बरा आहे. मला याची सवय आहे."

मग सरांना कुठूनसं कळलं, की संगणकाच्या प्रोसेसरला त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतं. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. सर खुर्चीतून उठूनच उभे राहिले! ही तर जादा शिकवणी झाली!

त्यांनी लगोलग आनंदराजला फोन लावला. आनंदराज सरांचा जुना विद्यार्थी, दहावीला गणितात दोनदा गेलेला. आता बसस्टँडामागं त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे.

"जुन्या मशिनीला झेपतंय का रे?"

"थोडंफार झेपतंय सर, पण दमानं करा," आनंदराज म्हणाला. "पयलं म्हणजे आतलं सगळं दुसरीकडं उतरवून ठेवा. मग खोकं उघडून धूळ काढा, प्रोसेसरवरचा गार ठेवायचा लेप वाळला असंल, तो बदला. मग वेगाचा आकडा थोडासाच वाढवा. तासभर चालवून बघा, गरम किती व्हायलंय बघा. झेपलं तरच पुढचा. न्हाई झेपलं तर मागं यायचं, लाजायचं न्हाई."

सरांनी वहीत मुद्दे उतरवून घेतले. फाइली उतरवणं, धूळ आणि लेप या तिघांना एक कंस घातला आणि पुढं लिहिलं, 'पूर्वतयारी. फक्त ढ मुलांसाठी.' बाकीच्याचं त्यांनी वेळापत्रक केलं. पहिली चाचणी, दुसरी चाचणी, सहामाही, वार्षिक!

इकडं बाईंच्या हातात मुदखेडच्या अण्णारावांची पत्रिका होती. अण्णारावांची मुलगी लातुरात द्यायची होती, म्हणून पत्रिका लातुरात. बाईंचं हे आजवरचं सगळ्यांत मोठं काम. मजकूर एका दिवसात झाला, पण नावांना आठ दिवस लागले! भावकीची एकशे बेचाळीस नावं. थोरल्या आत्याचे यजमान धाकट्या मामाच्या वर की खाली, यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा बंद झालं. शेवटी शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांनी एकदाचा होकार दिला.

"एक बी नाव इकडचं तिकडं झालं तं लग्न मोडंल बाई!" अण्णाराव फोनवर म्हणाले. "उद्या मी सोता येतो, डोळ्यानं बघतो, मगच छापायला द्या."

शनिवारी दुपारी चारला फाइल छापखान्यात द्यायची होती. सकाळी अण्णारावांना आणायला स्टँडवर निघताना बाई म्हणाल्या, "अहो, ती फाइल तेवढी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा."

"घेतो की!" सर म्हणाले. आणि दार लागल्यावर त्यांच्या गणिती डोक्यानं हिशेब केला, की संगणक आधी पळायला लागला तर फाइलही पटकन उतरेल. मग आधी कशाला उतरवायची?

आणि शिकवणी सुरू झाली!

सुरू होताना एक बटण दाबून धरलं, आतल्या आकड्यांचा निळा पडदा आला. सरांनी वेगाचा आकडा किंचित वाढवला. संगणक साडेदहा मिनिटांत उठला! "शाब्बास!" सर त्याच्या डोक्यावर थाप मारून म्हणाले. आनंदराजनं तासभर थांबायला सांगितलं होतं, सर दहा मिनिटं थांबले. दुसरी चाचणी. आता दहा मिनिटांत उठला! "पोरगं हुशार आहे, आजवर कुणी लक्षच दिलं नाही!"

फक्त ते जरा तापलं होतं. तापणारच हो! मे महिना, बाहेर बेचाळीस. सरांनी खोक्याची एक बाजू उघडली आणि बैठकीतला पाण्याचा मोठा लोखंडी कूलर ढकलत ढकलत आणून त्याच्या तोंडाशी लावला. कूलरनं वाऱ्याबरोबर तुषार उडवायला सुरुवात केली. "घे, गार हो," सर म्हणाले आणि हुरूप इतका आला, की सहामाही गाळून त्यांनी एकदम वार्षिक परीक्षेचा आकडा घातला.

पडदा काळा झाला.

पंखा सूं सूं करून फिरला आणि थांबला. खोकं आपोआप बंद झालं, आपोआप सुरू झालं, पुन्हा बंद झालं. सरांनी बटण दाबलं, सोडलं, दाबून धरलं, हात जोडले. काही नाही! टेबलावर पाण्याचे थेंब चमकत होते आणि सरांच्या डोळ्यांपुढं एकशे बेचाळीस नावं एकामागून एक विझत गेली.

त्यांनी आनंदराजला फोन लावला. "आनंदराज, माझ्या एका मित्राचा संगणक जरा..."

"मित्र गणिताचे सर हायत का?"

"...हो."

"मग मित्राला सांगा, वायर काढा अन् हात खिशात घाला. मी निघालोच."

सरांनी वायर काढली. तेवढ्यात बाईंचा फोन. "अहो, अण्णाराव आलेत. दहा मिनिटांत पोचतो. पत्रिका पडद्यावर लावून ठेवा."

"अगं, लाईट गेली इथं!"

"मग मागं कूलर कसा घरघरतोय?"

सरांनी फोन ठेवला. लबाडीत सरांना पस्तीस टक्के पण कधी पडले नाहीत.

अण्णाराव आले. पांढरं धोतर, टोपी, हातात नावांची घडी घातलेली यादी. "दाखवा बाई!" म्हणून संगणकापुढं ऐसपैस बसले. सरांनी चहा विचारला, पाणी विचारलं, मुदखेडात यंदा ऊन कसं आहे ते विचारलं.

"सर," चंद्रप्रभाबाई शांतपणे म्हणाल्या. बाई सरांना 'सर' म्हणाल्या की समजायचं, प्रकरण हाताबाहेर गेलंय.

"मी त्याला जरा पळवायला गेलो," सर खाली बघत म्हणाले. "तो पडला."

"फाइल उतरवून घेतली होती ना?"

सरांनी खिशातून कोरा पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. अण्णाराव हळूहळू उभे राहिले. "म्हंजे नावं गेली? आठ दिवस लागले हो मास्तर! आता पुना आत्याकडं जाऊ? काल कुठं त्या मामाशी बोलायल्यात!" आणि टोपी काढून ते मटकन खाली बसले. बाईंनी पदरानं टेबलावरचं पाणी टिपलं. ते बघून सरांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिचे उपकार फेडायला निघालो, तिच्याच कामावर पाणी ओतलं!

तेवढ्यात आनंदराज आला. "मित्र कुठाय?" म्हणाला आणि सरांचा चेहरा बघून पुढं काही विचारलं नाही. त्यानं आधी कूलर बंद केला. मग उघड्या खोक्यात बोट फिरवलं. "पाणी आत गेलं न्हाई, नशीब म्हणा." आतली छोटी गोल बॅटरी काढून त्यानं बाजूला ठेवली. "हिला काढली की वेगाचे सगळे आकडे मूळ जागी येतेत." मग ब्रशनं पंख्याखालची धूळ काढली. भाकरीएवढा गोळा निघाला! वाळून खडू झालेला लेप खरवडला, नवा लावला. बॅटरी बसवली, वायर जोडली.

"नावं?" अण्णाराव कसेबसे म्हणाले.

"नावं दुसऱ्या जागी असतेत काका. त्यांना काय झालं न्हाई. लई तापलं तवा हे सोताच बंद पडलं, जळायच्या आधी. शहाणं हाय मशीन." आनंदराजनं बटण दाबलं. सरांनी डोळे मिटले.

ट्रिंग! पडदा उजळला. सुरू होताना आपोआप उघडणारे अकरा प्रोग्रॅम आनंदराजनं बंद करून टाकले. ते सगळे सरांनीच 'वेग वाढवण्यासाठी' घातलेले होते! पत्रिका उघडली. आमचे येथे श्रीकृपेकरून... अण्णारावांनी एकशे बेचाळीस नावांवर एक एक करून बोट फिरवलं, आत्यापाशी थांबले, मामापाशी थांबले आणि मग टोपी डोक्यावर चढवली. "बरुबर हाय!"

बाईंनी पहिलं काम काय केलं असेल? फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि पेनड्राइव्ह पदराला गाठ मारून बांधला. चारच्या आत पत्रिका छापखान्यात पोचली.

सरांनी आनंदराजचा हात धरला. "आनंदराज, तुझे फार उपकार झाले बाबा. तुझे मुद्दे मी कंसात घातले आणि ढ मी निघालो."

"माझे कुठले मुद्दे सर?" आनंदराज हसला. "थोडं थोडं करायचं, तपासून बघायचं, न्हाई झेपलं तर मागं यायचं, लाजायचं न्हाई. दोनदा नापास झालो तवा तुमीच सांगितलं होतं मला. बाकीच्या पोरांना पळवायचे, मला एकट्याला दमानं शिकवलं तुमी. काकू जेवू घालायच्या. तेवढ्यावर तं दुकान उभं राहिलंय माझं."

सरांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी नेहमीप्रमाणं संगणकाचं बटण दाबलं, चहा ठेवला आणि मागं वळून बघतात तर काय, संगणक तयार! दोन मिनिटं पण लागली नव्हती. सर दारात छाती फुगवून उभे होते. "बघ! पळाला की नाही?"

बाई पडद्याकडं बघत राहिल्या. मग पायरीकडं बघितलं.

"माझ्यासाठीच केलंत हो तुम्ही, कळतंय मला. बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "पण एक सांगू? अख्ख्या दिवसात तेवढी अकरा मिनिटं माझी होती. संगणक उठेना म्हणून कुणी मला उठवायचं नाही. आता चहा काय उभ्यानं प्यायचा?"

सर खाली बसले. तीस वर्षं शिकवलं, पण हे उदाहरण कुठल्या पुस्तकात नव्हतं. त्यांनी उठून बाईंचा कप भरला, पायरीवर नेऊन ठेवला, स्वतःचाही घेतला आणि बाईंना हात धरून बसवलं. आणि बाई बसल्यावर हळूच आत जाऊन फोन लावला.

"आनंदराज, जरा अडचण आहे. संगणक पुन्हा पहिल्यासारखा हळू करायचा झाला तर काय करावं लागतं रे?"

"काहीच न्हाई सर," आनंदराज म्हणाला. "तुमी फक्त एकदा हात लावा."