बशीरभाईंचे भित्रे पावणे

आमचे शेजारी बशीरभाई बांगड्याचं कालवण चमच्याने खातात. मूळचा पूर्णगडचा हा तांडेल, चाळीस वर्षं समुद्रावर होडी हाकलेला माणूस, आणि बांगड्याचे काटे काढायला चमचा! मोहल्ल्यात बातमी पसरली तेव्हा कुणी म्हणालं, हाताला लागलं असेल. कुणी म्हणालं, मुलगी आखातात गेल्यापासून साहेब झालेत. खरं कारण मला ठाऊक होतं. बोटांना माशाचा वास राहिला तर घरातल्या ‘पावण्यां’ना तो सोसत नाही, अशी बशीरभाईंची समजूत होती.

पावणे म्हणजे चार फुटी अजगर. परदेशी जातीचा, बिनविषारी, रीतसर कागदपत्रं असलेला आणि जिवाचा अतिशय भित्रा. बशीरभाईंची एकुलती एक मुलगी नसीम पुण्यात प्राण्यांची डॉक्टर होती. कुणीतरी हा अजगर तिच्या दवाखान्यात आणून सोडला आणि परत फिरकलाच नाही. मग तिनेच तो ठेवून घेतला. पुढे तिला दोह्याला नोकरी लागली, तेव्हा काचेच्या पेटीसकट तो वडिलांकडे आला. “दोनच महिने, अब्बा,” असं ती सांगून गेली. त्याला आता वर्ष होत आलं.

सुरुवातीला बशीरभाईंनी बोट लावलं की पावणे स्वतःचा गोळा करून घेत आणि डोकं मधोमध लपवत. ते बघून बशीरभाईच जास्त घाबरत. मला म्हणाले, “मास्तर, तुफानात होडी काढलीय मी. पण ह्यांना हातात घ्यायचं कसं, ते काय समजत नाय.”

मग नसीमने रोज संध्याकाळी पाच वाजता फोनवरून शिकवायला सुरुवात केली. व्हिडिओत ती स्वतःच्या मनगटाभोवती ओढणी गुंडाळून दाखवायची. वरून हात घालायचा नाही, घार आली असं त्याला वाटतं. बाजूने जायचं. आवळायचं नाही, पोटाखाली हात द्यायचा. खाणं झालं की दोन दिवस हात लावायचा नाही. आपला वास ओळखीचा व्हावा म्हणून अंगातलं बनियन पेटीत ठेवायचं.

बशीरभाईंनी त्यात स्वतःची भर घातली. अत्तर बंद. कुकरची शिटी बंद, भात पातेल्यात. खोकला आला तर अंगणात जाऊन खोकायचं. पेटीजवळ मी जरा मोठ्याने बोललो की ते हात वर करून म्हणत, “वारा बघून, मास्तर, वारा बघून!” हे त्यांचं लाडकं वाक्य. भाजी घेताना, रस्ता ओलांडताना, अगदी लग्नाच्या स्थळाबद्दलही ते हेच म्हणतात.

परवा दुपारी चारच्या सुमाराला मी वर्तमानपत्र परत द्यायला गेलो. दार लोटलेलं होतं. आत टीव्ही मोठ्याने चालू होता. कुकरने लागोपाठ तीन शिट्या दिल्या. बशीरभाई खुर्चीत बसून खुशाल खोकत होते, आणि पावणे त्यांच्या हाताला दोन वेढे घालून, तळव्यावर हनुवटी टेकून निवांत पडले होते. मी तासभर बसलो. त्या तासात पावणे फक्त एकदा, तेही सावकाश, कोपरापर्यंत सरकले.

पाचाला पाच कमी असताना बशीरभाई उठले. टीव्ही बंद केला, पावण्यांना अलगद पेटीत ठेवलं आणि चेहरा पाडून बसले. फोन वाजला, तो त्यांनी स्पीकरवर टाकला.

“अब्बा, आज किती मिनिटं?”

“दोन, बाय. मग लगेच गोळा झाले.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. तिकडून नसीमने पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायला घेतलं. “वरनं का नाय धरायचं, बाय?” त्यांनी विचारलं, जणू पहिल्यांदाच. तिने घारीचं सांगितलं. सांगता सांगता दवाखान्यातल्या चावऱ्या मांजरीचं सांगितलं, डब्यातल्या करपलेल्या भाजीचं सांगितलं. अर्धा तास झाला. पावणे घरी येण्याआधी तिचा फोन फक्त शुक्रवारी यायचा. जेवलात का, औषध घेतलंत का, ठेवते.

“सर आहेत का तिथे?” तिने विचारलं. सातवीत ती माझ्या वर्गात होती. बशीरभाईंनी फोन माझ्या हातात दिला.

“सर, तुम्ही तरी खरं सांगा. इतके महिने झाले, अजून दोनच मिनिटं? तो सवयीचा झाला की पुण्याची माझी मैत्रीण येऊन घेऊन जाणार आहे. अब्बांना किती दिवस त्रास द्यायचा?”

बशीरभाई माझ्याकडे बघत नव्हते. लुंगीच्या टोकाने पेटीची स्वच्छ काच पुसत होते.

“फार भित्रा आहे गं,” मी म्हणालो. “फोनवरून नाही जमायचं. तूच एकदा येऊन बघ.”

ती म्हणाली, “ईदला रजा मिळते का बघते, सर.”

फोन ठेवला. बशीरभाई भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले, पानं पुढे-मागे केली, चष्मा पुसून परत बघितलं. जन्मभर ईदचा चंद्र सगळ्या मोहल्ल्याआधी बघणारा हा माणूस माझ्याकडे वळून म्हणाला,

“मास्तर, ईदला किती दिवस हायत हो अजून?”

“चार महिने.”

“चारच ना?” ते म्हणाले.