जीपमागचा अबोला

“बाबांना विचार, आज निघायचंय की पुढच्या वर्षी?” बांधलेल्या गाद्यांवर बसून आईने लेकीला सांगितलं. बाबा तिथेच, हातभर अंतरावर, जीपखाली उताणे पडले होते.

“आईला सांग, तारा जोडणं म्हणजे भाजी चिरणं नव्हे,” जीपखालून उत्तर आलं.

लेकीने कपाळाला हात लावला. “दोघांनीही ऐकलंत ना? मग मी कशाला मध्ये?”

तिचं बिऱ्हाड नोकरीच्या गावी न्यायला टेम्पो करावा, असं आईचं म्हणणं. “माझ्या लेकीचं सामान परका माणूस नेणार?” असं म्हणत बाबांनी शेजाऱ्यांचा ट्रेलर मागून आणला. तो जोडल्यावर कळलं, जीपचं सॉकेट गंजून गेलंय आणि ट्रेलरचा एकही दिवा लागत नाही. नवं सॉकेट मीच बसवतो, असं बाबा म्हणाले. “घरातला बल्ब बदलताना फ्यूज घालवता तुम्ही,” आई बोलून गेली, आणि अबोला सुरू झाला.

या घरातले अबोले लेक बोबडं बोलायची तेव्हापासून तिच्याच तोंडून चालत आले होते. आजपासून निरोप कुणाबरोबर धाडायचा? सकाळपासून आईला हाच प्रश्न छळत होता. आणि हे तर लेकीमार्फतही विचारता येईना.

“मला कपाट आवरायचंय. तुमचं तुम्ही बघा,” म्हणून लेक आत गेली.

बाबांनी जीपमध्ये चढून ब्रेक दाबून पाहिला. ट्रेलरचे सगळे दिवे एकदमच काजव्यांसारखे मिणमिणले. बाबा डोकं खाजवत मागे आले. आईला मात्र सॉकेटखाली एक काळी तार मोकळी लोंबताना दिसत होती. सांगावं तर माघार घेतल्यासारखं, न सांगावं तर लेक खोळंबते. तिने ट्रेलरच्या चाकाकडे तोंड केलं.

“अहो चाकोबा, काळी तार कुठेच जोडलेली नाही म्हणावं.”

बाबांनी हातातला पाना डोळ्यांसमोर धरला. “पानेराव, ती अर्थिंगची तार. ती मुद्दामच शेवटी ठेवली होती, असं कळवा.” पण त्यांचे कान लाल झाले होते. चेसीवरचा रंग खरवडून त्यांनी तार बोल्टखाली आवळली, आणि दिवे झगझगीत लागले.

आता वळताना लागणारे डावे-उजवे दिवे बघायचे. इंजिनाच्या घरघरीत चाकोबाचं काही चालेना. म्हणून ज्या बाजूचा दिवा लागेल, तो हात आई ट्रेलरमागे उभी राहून वर करू लागली. डाव्याला डावा, उजव्याला उजवा. काम चोख झालं होतं. पण बाबा बघत होते आरशात, आणि आरशात सगळं उलटं दिसतं एवढं विज्ञान त्यांना येत होतं! उतरून त्यांनी पिवळी आणि हिरवी तार अदलाबदल केली, पुन्हा आरशात पाहिलं आणि खूश झाले. आई दोन्ही हात जोरजोरात हलवत राहिली.

लेक पिशवी घेऊन गाडीत बसली. बाबांनी गिअर टाकला. आई धावत जाऊन बॉनेटसमोर उभी राहिली.

“अहो! डावीकडे वळताना उजवा दिवा लागतोय! मागचा ट्रक पोरीच्या अंगावर येईल ना!”

“मग आधी डावा हात कशाला केलास?”

“डावा लागला म्हणून!”

“अगं, आरसा उलटं दाखवतो!”

“आरसा सरळच आहे. तुमचं डोकं उलटं आहे!”

“आणि ते दोन्ही हात हलवत होतीस ते?”

“नको, नको म्हणत होते!”

“मला वाटलं, कौतुक करतेस.”

“कौतुक!” आई म्हणाली आणि तिला हसू फुटलं. मग बाबा जीपखाली शिरले, आई मातीत बसून तारा धरून देऊ लागली. आदल्या सगळ्या अबोल्यांची थकबाकी दोघांनी तिथल्या तिथे, समोरासमोर भांडून फेडली.

लेक गाडीतून ऐकत होती. तिच्यावाचून झालेलं हे त्यांचं पहिलंच भांडण. झकास चाललं होतं.

बाबा हात पुसत येऊन बसले. आई निरोप द्यायला खिडकीशी आली. लेक समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, “बाबा, आईला सांगा, मला नाही जायचं.”

बाबांनी इंजिन बंद केलं. “अगं, ती म्हणतेय की...”

“ऐकलं मी.” आईने दार उघडलं. “सरक. तुझं घर लावून देते आधी. मग आम्ही दोघं परत येऊ, बोलत बोलत.”