बारमाही धबधबा

आमच्या ‘ना फो खाम’ नावाच्या तालुक्याच्या उत्तरेला डोंगर, दक्षिणेला भातशेती आणि उरलेल्या दोन बाजूंना दुसरे तालुके आहेत. इतिहासही आहे. शेजारच्या तालुक्याला आम्ही नकोसे झालो, तेव्हा आम्हाला स्वतंत्र करण्यात आलं.

स्वतंत्र तालुक्याला घोषवाक्य लागतं. वेशीवरच्या कमानीवर ते रंगवावं लागतं आणि शाळेत पोरांकडून म्हणून घ्यावं लागतं. समितीने ‘गोड चिंच, तलम रेशीम, जागृत बुद्धमूर्ती’ इथवर मजल मारली. शेजाऱ्यांकडे चार गोष्टी होत्या, म्हणून आम्ही ‘बारमाही धबधबा’ जोडला. धबधबा आमच्याकडे आहेच. पावसाळ्यात वाहतोही.

यंदा एप्रिलच्या सुरुवातीला, सोंगक्रानच्या म्हणजे आमच्या नववर्षाच्या आधीच, प्रांताचे राज्यपाल धबधबा पाहायला येणार असं कळलं. तालुकाधिकारी थीरावत साहेबांनी डोंगराखालच्या गावाच्या प्रमुख बुनरुआन मावशींना बोलावलं. साहेबांचा प्रसिद्धी कारकून म्हणून मी तिथे हजर होतो.

“मावशी, तुमच्या तळ्यातलं पाणी पंपाने धबधब्याच्या माथ्यावर चढवायचंय.”

“अहो साहेब, नळाला तेच पाणी येतं. दुसरं आहे कुठे?”

“धबधबा कोरडा दिसला, तर खोटं कोण पडेल?”

“धबधबा.”

“धबधब्याची बदली होत नाही, मावशी. माझी होते.”

“पण वर नेलेलं पाणी खाली पलीकडच्या तालुक्यात जातं!”

“त्याला शेजारधर्म म्हणतात.”

राज्यपाल आले, भिजले, खूश झाले. असंच वाहतं ठेवा म्हणाले. साहेबांनी शब्दशः ठेवलं. तळ्याचा तळ दिसला, नळ फुसफुसून गप्प झाले. मावशी पुन्हा कार्यालयात आल्या.

“टँकर पाठवा, साहेब.”

“टँकरसाठी आधी दुष्काळ जाहीर व्हावा लागतो. ज्या तालुक्यात बारमाही धबधबा वाहतो, तिथे दुष्काळ? लोक शेण घालतील तोंडात.”

“मग आटवा की मेल्या धबधब्याला!”

“आटेल कसा? वाहतोय असा फोटोसकट अहवाल परवाच गेलाय. आता शासनाला खोटं पाडायचं?”

साहेबांनी मावशींना थंडगार बाटलीबंद पाणी दिलं. मावशींनी बाटली उघडली नाही. म्हणाल्या, “सोंगक्रानला पोरं आमच्या हातांवर पाणी घालून पाया पडतात. यंदा नुसतीच पाया पडली. माझ्या आईने तसेच कोरडे हात त्यांच्या डोक्यावर ठेवले.” मला लाज वाटली. पण लाजेचा रकाना आमच्या अहवालात नाही.

शेवटी गावकरी बादल्या घेऊन धबधब्यावर गेले. पहारेकऱ्याने त्यांना अडवलं. फोटोत बादल्या येत होत्या. गावकऱ्यांना परत पाठवून त्याने पर्यटकांना नीट उभं केलं, आणि मी फोटो काढला.

फोटो फार गाजला. तुम्हीही पाहिलात. बदामाचं चिन्ह दाबून खाली विचारलंत, “भर एप्रिलमध्ये एवढं पाणी! अंघोळ करता येते का हो?”

येते ना. पोटभर करा, मुलांनाही आणा. तुमच्या अंगावरून वाहून जाईल ते बुनरुआन मावशींच्या आईचं प्यायचं पाणी आहे. अगदी स्वच्छ असतं.