दोन चाकं इकडं, दोन चाकं तिकडं

आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे गुणवंतराव इंगोले शर्टाच्या खिशात पेनाऐवजी मोजायची टेप ठेवतात. आमच्याकडे नवा सोफा आला तेव्हा सगळे "छान आहे" म्हणाले. इंगोलेकाकांनी आधी तो मोजला आणि सांगितलं, "पाऊण इंच कमी दिला तुम्हाला." तेव्हापासून त्या सोफ्यावर बसलं की मला तो पाऊण इंच बोचतो.

काकांची तीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासण्यात गेली. नोकरीतून निवृत्त झाले, सवयीतून नाही. वाद राजकारणाचा असो की वरणातल्या मिठाचा, दोन्ही बाजूंचं ऐकून घेऊन काका शांतपणे विचारतात, "मोजलं काय?" वाद तिथेच संपतो. मिटत नाही, पण संपतो.

तर या गृहस्थांनी मागच्या वर्षी शाळेची एक जुनी मिनीबस विकत आणली. चार महिने तिच्यात ठोकाठोक चालली. दोन बाकांसारखे पलंग आले, गॅसची शेगडी आली, पाण्याची टाकी, मिटून ठेवायचं टेबल, खिडक्यांना पडदे, इतकंच काय, दारात पायपुसणंसुद्धा आलं. मागच्या बाजूचं "मुलांना सावकाश चढू-उतरू द्या" हे वाक्य काकांनी पुसलं नाही. म्हणाले, "खोटं काय आहे त्यात?" चेअरमननी फलक लावला, "आवारात घरे उभी करू नयेत. पुरेशी उभी आहेत." काकांनी चेअरमनना खाली बोलावून, बस पार्किंगच्या पांढऱ्या पट्ट्यांत सव्वादोन इंच राखून बसते, हे टेप लावून दाखवलं. फलक अजून आहे आणि बसही आहे.

मला काही राहवेना. फिरायलाच जायचं तर गावोगाव लॉज आहेत. शेवटी सुमनकाकूंना विचारलं.

"फिरायला कुठलं? अमरावतीच्या पुढे आमचं गाव आहे, तिथं जायचंय," काकू म्हणाल्या. "ह्यांचे दोन भाऊ. थोरले विनायकदादा आणि धाकटा सुरेश. वाटण्या झाल्यापासून सहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. दादांकडे उतरलं की सुरेश रुसतो. सुरेशकडे उतरलं की दादा जेवत नाहीत. मधले हे. मग ह्यांनी जाणंच सोडलं. आता म्हणतात, कोणाकडेच उतरायचं नाही, आपलं घर आपणच घेऊन जायचं."

"तुम्ही जाणार?"

"मी दोन्ही जावांशी रोज फोनवर बोलते. मला त्यासाठी चाकं लागत नाहीत."

काकूंच्या जागी माझी निवड झाली. माझ्या अंगी काही विशेष गुण आहेत असं नव्हे. काकांनी कारण स्पष्ट सांगितलं, "टेपचं दुसरं टोक धरायला माणूस पाहिजे." खराडीच्या ऑफिसात मी "कौटुंबिक कारण" म्हणून आठवडाभराची रजा टाकली. कोणाचं कुटुंब, हे साहेबांनी विचारलं नाही.

दोन दिवसांच्या प्रवासात काकांनी ताशी पन्नासची मर्यादा एकदाही ओलांडली नाही. पुण्यात त्यांच्या बोलण्यात अधूनमधून डोकावणारं "मले" जालन्याच्या पुढे कायमचं वस्तीला आलं. गाव जवळ आलं तसे मात्र ते गप्प होत गेले. मी विचारलं, "बरं वाटत नाही का?" तर म्हणाले, "सहा वर्षं झाली ना बाप्पा."

गावचं घर म्हणजे मोठं अंगण, पूर्वेला चार खोल्या दादांच्या, पश्चिमेला चार सुरेशच्या. अंगणाच्या बरोबर मधून जमिनीत पुरलेल्या विटांची एक ओळ गेलेली. काकांनी बस त्या ओळीवर आणली. दोन चाकं इकडं, दोन चाकं तिकडं. दोन्ही भाऊ आपापल्या दारात हाताची घडी घालून उभे. मी टेपचं टोक धरून आधी दादांच्या उंबऱ्याला गेलो, मग सुरेशच्या. दोन्हीकडे सव्वाचौदा फूट. काकांनी तो आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगितला, समाधानानं आत चढले आणि आम्हाला घरात बोलवावं तसं बसचं दार उघडलं.

ते सुरेशच्या बाजूला उघडलं.

"उतरलाच शेवटी त्याच्याकडं," दादा म्हणाले.

"तुमच्याकडं डायव्हरचं दार आहे ना, दादा," काका म्हणाले.

"मी काय डायव्हर आहो काय?"

तीस वर्षं दुसऱ्यांच्या मालातल्या चुका काढणाऱ्या माणसानं चार महिने बस सजवली, आणि बसचं दार डावीकडेच असतं हे त्याच्या एकदाही लक्षात आलं नव्हतं. काका पायरीवर बसून राहिले. त्यांचा चेहरा पाहून मला हसू आलं आणि हसल्याची लाजही वाटली.

तोडगा त्यांनीच काढला. दुपारी बारापर्यंत बस तशीच उभी राहील, बारानंतर बाहेर रस्त्यावर काढून, वळवून, उलटी आत आणायची. म्हणजे अर्धा दिवस दार सुरेशकडं, अर्धा दिवस दादांकडं. दोन्ही भावांनी ते गंभीरपणे मान्य केलं. दोन्ही घरांतून ताटं येत. एका ताटात भरीत, दुसऱ्यात झुणका. एकही परत पाठवायची सोय नसल्यामुळे मी तिथं दिवसाला चार वेळा जेवलो.

तिसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला बस चालूच होईना. काकांनी किल्ली चार वेळा फिरवली. दादा दारातून म्हणाले, "माही पाळी आहे." कापसाचे दिवस, गावात ढकलायला कोणी नाही. काका स्टिअरिंगवर बसले. मी आणि दादा ढकलायला लागलो. बस हलली नाही. मग सुरेश आपल्या दारातून उठून आला आणि मला म्हणाला, "त्याची कंबर गेली तर अजून भानगड."

"त्याले सांगा, डाव्या अंगानं लाग म्हणा," दादा मला म्हणाले.

"त्याले सांगा, मले समजते," सुरेश मला म्हणाला.

दोघांच्या मधे एका हाताचं अंतर होतं. मी निरोप पोचवत होतो आणि ढकलतही होतो. बस रस्त्यावर गेली, वळली. परत आत घेताना फाटकाच्या चढावर ती थांबली आणि हळूच आमच्या अंगावर येऊ लागली.

"दादा, सरक!" सुरेश ओरडला.

"सरकलो," दादा म्हणाले.

काकांनी ब्रेक दाबला. पुन्हा जोर लावून बस जागेवर आली. दोघांनी घाम पुसला, एकमेकांकडे न बघता हात झटकले आणि आपापल्या दारात गेले. बाकी काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. किल्ली फिरवताच बस चालू झाली. वाटेत चहाला थांबलो तेव्हा मी त्याबद्दल आश्चर्य व्यक्त केलं.

"बॅटरीची वायर मीच काढून ठेवली होती काल," काका म्हणाले.

मी कप खाली ठेवला.

"ते अंगण मीच वाटलं. बाबा गेल्यावर दोघं म्हणे, तू मोजमापाचा माणूस, तूच कर. केलं. दोरी लावून, विटा पुरून. एका सुताचाही फरक नाही त्यात. पण देवघर सुरेशच्या चार खोल्यांत गेलं. दादा रोज सकाळी तिथं बसायचे बाबांसोबत. त्यांना सोन्यासारख्या चार खोल्या मिळाल्या, पण बसायला जागा राहिली नाही. मले ते दिसलंच नाही."

मला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही, आणि अजून वाईट वाटतं.

"काल बोलले तरी," मी म्हणालो.

"तीन शब्द."

पैसे देऊन आम्ही बसमध्ये चढलो. काकांनी पट्टा लावला, आरसा नीट केला आणि म्हणाले, "पुढच्या साली मागं दोनशे लिटरची टाकी बसवतो."

"दोन माणसांना एवढं पाणी कशाला?"

"पाण्यासाठी नाही. गाडी हलकी पडली. दोघं लवकर मोकळे झाले."