उंबऱ्याबाहेरचे अप्पे

अकोल्याच्या जठारपेठेत आमच्या शेजारी राहणाऱ्या वासुदेवकाकांकडे गेलात, तर चहा मिळेल, चिवडा मिळेल आणि निघताना हातात एक पुडकं मिळेल. ते तिथल्या तिथे उघडून तोंडात टाकायला जाल, तर मात्र काका तुमचं मनगट धरतील. "घरात नाई! उंबऱ्याच्या बाहेर जाऊन खाजो." आणि तुम्ही पायरी उतरून पहिला घास घेईपर्यंत दारात उभे राहतील.

पुडक्यात अंड्याचे अप्पे असतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ दर रविवारी गच्चीवर स्टोव्ह पेटवतो आणि गल्लीतून जे कोणी सकाळी उपाशीपोटी धावत सुटतात, त्यांच्या न्याहारीची आगाऊ सोय करून ठेवतो. मी त्यातला जुना लाभार्थी. मला रोज सकाळी अमरावतीची बस गाठायची असते, आणि लवकर उठून पोहे करावेत असा माझा स्वभाव नाही.

बारीक चिरलेली मेथी, किसलेलं गाजर, कांदा, हिरवी मिरची, मूठभर ज्वारीचं पीठ आणि त्यात फेटलेली अंडी. अप्पेपात्राला तेल चमच्याने लावायचं नाही. अर्धा कांदा तेलात बुडवून तोच फिरवायचा. इथवर कोणालाही जमेल. खरी परीक्षा पुढे. अप्पे जाळीवर पसरून, वर मच्छरदाणीचा तुकडा टाकून काका खुर्ची घेऊन राखणीला बसतात. कोणी घाईने डबा भरायला गेलं की ओरडतात, "गार होऊ दे बाप्पा! वाफ कोंडली का अंड्याले घाम येते, अन् मंग ते सकायपर्यंत मान टाकते."

हे 'गार होऊ दे' ते सगळ्यालाच लावतात. गाडी लावण्यावरून गल्लीत दोघांची जुंपली, तेव्हा मधे जाऊन हेच म्हणाले. मी साहेबावर चिडून राजीनामा लिहायला बसलो, तेव्हाही हेच. राजीनामा गार झाला आणि नोकरी टिकली.

घरातल्या फ्रिजमध्ये काकूंच्या वेळेपासून अंड्याला मज्जाव, म्हणून अप्प्यांसाठी एक जुना फ्रिज जिन्यात नेऊन ठेवलाय. काकांनी स्वतः जन्मात अंडं चाखलेलं नाही. मीठ बघायला ते मला वरून हाक मारतात. एकदा मी विचारलं, "काका, गच्ची घरात नाही का येत?"

"वर आभाय हाये ना? मंग ते बाहेर."

असा वकील अख्ख्या अकोल्यात सापडायचा नाही. मला या माणसाचं फार कौतुक आहे, उघडच सांगतो.

यंदाच्या मे महिन्यात मात्र त्या आभाळानेच घात केला. अकोल्याचं ऊन, त्यात पेटता स्टोव्ह. काकांना गच्चीवर भोवळ आली. अमरावतीहून त्यांची मुलगी ज्योती धावत आली आणि तिने निकाल दिला, "बाबा, खाली सैपाकघरात करा, नाईतर बंद करा."

काकांनी बंद केलं. स्टोव्हवर पोतं पडलं. माणूस दारातल्या खुर्चीत नुसता बसून राहू लागला, जेवणही कमी झालं. मी बसमध्ये बिस्किटं खात होतो, पण त्याचं काही नाही. काकांकडे बघवत नव्हतं.

शेवटी मी जाऊन बसलो. म्हटलं, "काका, शीलाकाकू जाऊन वर्ष झालं. आता खाली केलंत तर ओरडणार कोण आहे?"



"ओरडली तं ती कधीच नाई," ते म्हणाले. "बार्शीटाकळीच्या शायेत शिकवाले जाये. सकायच्या गाडीनं, उपाशी. चक्कर येऊन पडली तवा डाक्टर म्हणे, अंडे खाऊ घाला. ती म्हणे, माह्या सैपाकघरात अंडं येणार नाई. पण तुमचा जीव तुटून राहिला, तं बाहेर खाईन. मंग म्या गच्चीवर शिकलो. गार करून डब्यात देओ, अन् गाडीच्या खिडकीखाली उभा राहो, तिनं घास घेईपर्यंत."

काकांनी आत स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"तिनं माह्यासाठी बाहेर नेम मोडला. आता ती नाई म्हणून म्या तिच्या सैपाकघरात तिचा नेम कावून मोडू?"

 

पुढच्या रविवारी मी त्यांचा स्टोव्ह उचलून आमच्या व्हरांड्यात आणला. आमच्याकडे अंड्याचं सोवळं नाही, वर पंखाही आहे. माझी बायको कांदा चिरायला बसली. काकांनी थोडा वेळ "लोकायच्या घरी कायले?" केलं, मग आपणच खुर्ची ओढली आणि आमच्या दोघांवर ओरडायला लागले. फार बरं वाटलं.

पुडकी बांधताना त्यांनी एक बिनमिरचीचं वेगळं काढलं.

"हे कोणाचं?"

"शायेत शीलाच्या जागेवर नवी बाई आली हाये. कंडक्टर म्हणे, तीही उपाशीच जाते."

सोमवारी सकाळी मी स्टँडवर आलो, तर काका बार्शीटाकळीच्या बसच्या खिडकीखाली उभे. आत एक तरुण बाई पुडकं हातात धरून संकोचून बसली होती.

"गार झाले हायेत बाई," काका वर बघून म्हणाले. "खा."

तिने घास घेतला. गाडी हलली, फाटकातून वळली, दिसेनाशी झाली. काका तिथेच उभे होते.

माझी अमरावतीची बस सुटत होती. मी ती जाऊ दिली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.