निळ्या गोधडीतले साहेब

परीक्षक साहेब, तुम्ही खोटं बोललात! आणि साधं नाही, भरल्या पोटी, ढेकर देऊन, वर मूठभर बडीशेप तोंडात टाकून खोटं बोललात! खारबावच्या दिपालीच्या घराला कुलूप होतं, आत माणूस नव्हता, कलाकुसरीचा पत्ता नव्हता, म्हणून तिचा प्रवेश रद्द, असं तुम्ही भिवंडीच्या छंद महोत्सवाच्या कचेरीत बेधडक सांगितलंत. कुलूप? अहो, त्या घराच्या दाराला कडीच नाही! ती गणपतीत निखळली आणि दिपालीच्या नवऱ्याने, म्हणजे दीपेशने, ती अजून बसवलेली नाही. कुलूप काय हवेत लटकत होतं?

तेव्हा मंडळी, खरं काय घडलं ते ऐका आणि तुम्हीच ठरवा.

ही दोन हजार सहाच्या हिवाळ्यातली गोष्ट. ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरावाला मोबाइल खुळखुळायला लागला होता, पण दिपालीचं वेड निराळं. ती बिस्किटाच्या डब्याला सुईने भोक पाडायची, आत फोटोचा कागद चिकटवायची आणि त्या डब्याने फोटो काढायची. पुतळ्यासारखं स्थिर बसावं लागे. शेजारची म्हैस हलली आणि तिला चार शिंगं आली. दीपेश हलला आणि त्याचं डोकंच गायब झालं.

"डोकं न्हाय, यात नवीन काय?" राहीबाई म्हणाल्या. राहीबाई म्हणजे दीपेशची सख्खी आई!

मग कॉलेजातल्या प्रयोगशाळेच्या जुन्या मास्तरांकडून दिपालीने आणखी एक युक्ती आणली. दोन औषधं पाण्यात कालवायची, अंधारात कोऱ्या कापडाला फासायची, अंधारातच वाळवायची. कापड दिसतं पिवळट हिरवं, शिळ्या वरणासारखं. त्यावर पान ठेवा, लेस ठेवा, माशाचा काटा ठेवा आणि उन्हात आणा. ऊन लागेल ते निळं, सावलीतलं पांढरं. साध्या पाण्यात धुतलं की चित्र पक्कं! पूर्वी घरांचे नकाशे असेच निळे निघायचे म्हणे.

राहीबाईंचा छंद गोधडीचा. भिवंडीच्या लूमवरून कापडाच्या काठांच्या चिंध्या आणायच्या आणि त्यांतून अशी नक्षी उठवायची की बघणाऱ्याने थंडी नसतानाही पांघरून घ्यावी. सुनेचं निळं चित्र मधोमध, सासूच्या चिंध्या भोवताली, वर बारीक धावदोरा. सासू-सुनेचं असं गूळपीठ जमलं की गावातल्या बाकीच्या सासवा काळजीत पडल्या.

अडचण एकच. अंधार हवा म्हणून दिपालीने घरातली मोरी बळकावली होती. झरोक्याला काळा कागद, पाटावर बाटल्या, दोरीवर कापडं. दीपेशला सकाळी पूर्णा गावातल्या गोदामात ड्युटी. बिचारा परसात पपईच्या झाडाआड अंघोळ करायचा आणि नेमकी तेव्हाच शेजारची ठकुबाई कोंबड्या शोधत यायची. तिच्या कोंबड्या रोज त्याच वेळी कशा हरवतात, हे एक कोडंच होतं!

एके सकाळी तो अंगाला साबण लावून उभा असताना ठकुबाईने त्याला हवापाण्याच्या गोष्टी विचारल्या आणि दीपेशचा बांध फुटला.

"बास! त्या छंद महोत्सवाच्या प्रदर्शनात तुझी गोधडी लागली तर मोरी जलमभर तुझी. न्हाय लागली तर डबे, बाटल्या, समदं उकिरड्यावर! हाय कबूल?"

"कबूल!" दिपाली गरजली. "नुसती लागणार नाही, सगळी भिवंडी बघायला लोटेल. लिहून ठेवा!"

तिने पलंगभर मोठं कापड घेतलं, उरलंसुरलं सगळं औषध त्याला फासलं आणि मोरीत वाळवून पत्र्याच्या पेटीत घडी घालून ठेवलं. आता चुकायला जागा नव्हती. औषध संपलं होतं आणि महोत्सव तोंडावर आला होता.

महोत्सवाचा एक नियम होता. मागच्या वर्षी एका पठ्ठ्याने बाजारातली चादर 'स्वहस्ते विणलेली' म्हणून मांडली होती, म्हणून यंदा परीक्षक घरी येऊन हात चालताना बघणार. पण येणार कधी, ते सांगणार नाहीत! आले कधी, तर दिपाली कापडावरची पानं दाबायची काच आणायला भिवंडीला गेलेली असताना. ऐन दुपारी, स्कूटरवरून. पांढराशुभ्र सदरा, पोपटाला लाजवील असं नाक, पोट पुढे आणि छातीवर दोन शेपट्यांचा मोठा रेशमी बिल्ला. बिल्ला असा की लग्नातल्या वरबापालाही मिळत नाही.

"सून येतेच हाय," राहीबाई म्हणाल्या. "तवर दोन घास खा."

"नको, नको, आम्ही कुठे काही घेत नसतो," साहेब म्हणाले आणि पाटावर बसले.

चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, झणझणीत कालवण. तांदळाच्या भाकऱ्या. 'नको नको' म्हणत साहेबांनी चिंबोऱ्यांचा असा फडशा पाडला की खाडीतल्या उरलेल्यांनी समुद्राकडे पळ काढला असेल. नाकातून पाणी, कपाळावर घाम, पाठीला सदरा चिकटलेला.

"आजी, अंगणात जरा ऊन खातो," ते म्हणाले. "पाठ टेकतो."

इथे घोटाळा झाला. पाहुण्याच्या अंगाखाली वापरलेलं कापड घालायचं नाही, कोरी चादरच घालायची, ही राहीबाईंना त्यांच्या सासूने दिलेली शिकवण. त्यातून हे परीक्षक! घरात कोरं कापड कुठे? म्हातारीने मोरीतली पेटी उघडली. वर पिवळट हिरवी चादर, अगदी घडीची. "बघा, पोरीनं पाव्हण्यासाठी नवी चादर बी आणून ठेवलीय!" असं स्वतःशीच म्हणत त्यांनी ती खाटेवर पसरली. साहेबांनी आधी घामेजलेली पाठ टेकली, मग डाव्या कुशीवर वळले आणि घोरायला लागले. लूम बंद पडावा आणि त्याची खडखड मात्र चालू राहावी, असं ते घोरणं!

एवढ्यात दिपाली काच घेऊन फाटकात आली. बघते तर तिची चादर उन्हात! तिच्यावर एक साहेब!

"आई!"

"हळू गो! परीक्षक हायेत. जेवून झोपलेत."

"माझी चादर!"

"कोरीच हाय ना? मी बघून घेतली."

दिपालीने काच खाली ठेवली. उठवावं तर साहेब चिडणार. न उठवावं तर चादर जाणार. चादर गेली की मोरी गेली! कडा निळसर करड्या पडायला लागल्या होत्या. ती खाटेभोवती दोनदा फिरली, थांबली, साहेबांच्या नाकाकडे बघितलं. मग बिल्ल्याच्या दोन शेपट्यांकडे बघितलं. पदर खोचला.

"आई, पपईची पानं आणा. सासऱ्यांचं मासे धरायचं पाग आणा. लवकर!"

"आता गो कश्याला?"

"फोटो आपोआप निघतोय. बाकीचं मी भरते!"

मग काय मंडळी! साहेबांच्या पायथ्याशी पाग पसरलं, डोक्याशी पपईची पानं, डोक्यामागून पाठीपर्यंत फर्नच्या पानांची रांग, पोटापुढे आडवा दोरा नेणारा लूमचा एक जुना धोटा. उरलेल्या जागेत राहीबाईंनी झेंडूची फुलं लावली. झोपलेला माणूस असा सजला की बघत राहावं.

आणि बघायला आली कोण? ठकुबाई! कोंबडी शोधत. बघते तर माणूस आडवा, भोवती पानं-फुलं, सासू-सुना खाली मान घालून उभ्या.

"अगो बाय! साहेब गेलं!"

"ठकुमावशी, गप! ओरडू नका!"

"जेवण चढलं का गो? तरी मी राहीला सांगतंय, तिखट कमी टाक!"

"मावशी, तसं काही नाही! अजून दहा मिनिटं त्यांना हलवायचं नाही, बस!"

"आता ते कशाला हलतंय!" असं म्हणून ठकुबाईने जो हंबरडा फोडला, तो मानकोलीच्या नाक्यापर्यंत गेला असावा. आळी गोळा झाली. कोणी डोळ्यांना पदर लावला. पंढरी सुताराने तर विचार न करता दोन बांबू आणले. साहेबांचं घोरणं चालू होतं, पण ऐकतो कोण? रडण्याचाच आवाज जास्त!

बांबू खाटेला लागला आणि साहेब ताडकन उठून बसले. आळी किंचाळून मागे सरली. साहेबांनी कानामागचा झेंडू काढला, बांबू बघितले, रडणाऱ्या बाया बघितल्या.

"हा काय प्रकार आहे? माझं मरण मांडलंय तुम्ही?"

"साहेब, चादरीवर औषध..." दिपाली सांगायला गेली.

"औषध?" साहेब पांढरे पडले. "मला औषध घातलंत?"

स्कूटर उडाली. बडीशेपेची वाटी मात्र रिकामी करून! आणि मंडळी, ओल्या पाठीला चादरीचं औषध लागलं होतं. खारबाव ते भिवंडी, भर उन्हात. वाटेत सदरा निळा पडायला लागला, सुंभाच्या खाटेच्या चौकटीसकट. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवून ओरडत होते, "साहब, पीठ पर नक्शा छपा है!" साहेबांना वाटलं, बिल्ल्याला सलाम करतायत. त्यांनी हात हलवला!

घरी बायकोने सदरा धुतला. पाण्याने तो रंग पक्का होतो, हे तिला कोण सांगणार? साबण घासावा तर डाग पिवळा पडे. आता साहेबांना दोनच वाटा. मेलेला समजून बांबू आणले हे कबूल करायचं, नाहीतर गेलोच नाही म्हणायचं. साहेबांनी दुसरी निवडली. घराला कुलूप, प्रवेश रद्द!

इकडे मोरीत दिपालीने चादर पाण्यात बुडवली. पिवळं वाहून गेलं, निळं गडद झालं आणि निळाईतून एक पांढरा माणूस वर आला. नाक, पोट, बिल्ल्याच्या दोन शेपट्या, भोवती जाळी, पानं, धोटा. निळ्या खाडीत गाढ झोपलेला!

राहीबाई चष्मा पुसून म्हणाल्या, "अगो, शेंडीसुद्धा आलीय!"

"शेंडी नाही आई, तो फर्न आहे."

"मग मी शेंडीच शिवतंय."

सासूने चिंध्यांचा काठ लावला, पोटाच्या गोलाईवर धावदोऱ्याच्या सात फेऱ्या घातल्या. गोधडी झाली आणि कचेरीतून फोन आला. प्रवेश रद्द.

दीपेश मोरीच्या दारात उभा राहिला. "मग? कवा काढतंस सामान?"

"महोत्सव संपेपर्यंत हात लावायचा नाही," दिपाली म्हणाली. "आई, चपला घाला."

भिवंडीच्या शाळेच्या आवारात महोत्सव. फाटकावरच अडवलं, प्रवेश रद्द आहे. राहीबाईंनी वाद घातला नाही. फाटकाबाहेरच्या दोन खांबांना दोरी बांधली आणि गोधडी टांगली, बस्स!

आधी लूमवरची सुटलेली शिफ्ट थांबली. "अरे, ये कौन सो रहा है?" मग शाळेतल्या बाया बाहेर आल्या. मग स्पर्धक आपापले टेबल सोडून आले. एक जण म्हणाला, "हे नाक बघितलंय मी कुठेतरी." दुसरा म्हणाला, "बिल्ला तर आपल्याच महोत्सवाचा!" सगळ्यांनी वळून मंचाकडे बघितलं. तिथे साहेब भाषणाला उभे. कोट घालून. दुसरा पांढरा सदरा नव्हता ना!

साहेब तणतणत फाटकाशी आले. "काढा हे! माझा याच्याशी संबंध नाही! मी या बाईंच्या घरी पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही!"

"असू दे," राहीबाई मायेने म्हणाल्या. "घाम किती आलाय साहेबांना. कोट तरी काढा." आणि आजीच ती, 'नको नको' ऐकते कुठे? चिंबोऱ्यांच्या वेळी तरी कुठे ऐकलं होतं? मागून तिने कोट ओढून काढला.

पाठ निळी! खाटेच्या सुंभाची चौकट अशी स्पष्ट, की आळीबरोबर आलेल्या पंढरी सुताराने दुरून ओळखली. "ही खाट माझ्या हातची!"

हसू असं उसळलं की शेजारच्या लूमची खडखड ऐकू येईना. महोत्सवाच्या अध्यक्षीणबाईंनी डोळे पुसत हुकूम दिला, "गोधडी आत घ्या. मंचाच्या मागे लावा!" तिथला लोकपसंतीचा रिवाज असा, की येणाऱ्याने आवडत्या वस्तूपुढच्या टोपलीत लूमची एक रिकामी बॉबिन, म्हणजे दोऱ्याची रीळ, टाकायची. दिपालीची टोपली भरली, दुसरी भरली, मग दीपेशच्या गोदामातून खोकी मागवावी लागली. ती डोक्यावर घेऊन आला कोण? खुद्द दीपेश! आल्या आल्या त्यानेही एक बॉबिन टाकली, इकडेतिकडे बघून.

तेव्हापासून मोरी दिपालीची. दीपेश पपईआडच अंघोळ करतो. ठकुबाईच्या कोंबड्या अजून हरवतात.

पण साहेब, तुमचं म्हणणं आजही तेच. कुलूप होतं, गेलो नव्हतो! मग आळीसमोर, भिवंडीसमोर सांगा, चिंबोऱ्या खाल्ल्या कोणी? चादरीवर घोरलं कोण? आणि हे राहू द्या, दुसरं जास्त निकडीचं आहे. त्या गोधडीला गिऱ्हाईक लागलंय, पण त्याला जोडी हवी. दिपालीने औषध फासून चादर तयार ठेवलीय, राहीबाईंनी चिंबोऱ्या सांगून ठेवल्यात. डावी कूस झाली.

उजव्या कुशीवर झोपायला कधी येताय? उत्तर द्या!