गंजाच्या मागावर भावोजी

"जगात दोन प्रकारची माणसं असतात," भावोजी कोटाची कॉलर वर करत म्हणाले. "एक, ज्यांना दिसत नाही. दुसरी, ज्यांना दिसतं पण कळत नाही. मी तिसऱ्या प्रकारात मोडतो."

"मग प्रकार तीन झाले," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि आयुष्यभर गणित शिकवत आल्या होत्या.

"तेच तर. सामान्य माणूस दोनावरच थांबतो."

एवढी प्रस्तावना झाल्यावर भावोजींनी स्वतःचा परिचय करून द्यायला घेतला. नेमबाजी क्लबातल्या कुणीही तो मागितला नव्हता. पण वॉशर गेलेला नळ आणि स्वतःबद्दल बोलणारे भावोजी, दोन्ही हाताने बंद होत नाहीत. त्यांची नजर घारीची होती, कान सशाचे होते, स्मरणशक्ती हत्तीची होती. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या स्प्रिंगमास्तरला हे सगळं प्राणिसंग्रहालय पाठ होतं, कारण त्याची सख्खी थोरली बहीण गेली कित्येक वर्षं भावोजींसोबत संसार करत होती.

"आजवर मी हाताळलेली प्रकरणं पक्षकारांच्या अब्रूखातर सांगता येत नाहीत," भावोजी शेवटी म्हणाले.

स्प्रिंगमास्तरला ती सांगता आली असती. ती दोन होती. एकात शेजारच्या काकूंचा चष्मा हरवला होता. भावोजींनी इमारतीतल्या सगळ्यांच्या जबान्या घेतल्या आणि जबान्या घेताना ते ज्या खुर्चीत बसले होते त्याच खुर्चीत तो चष्मा अखेर सापडला, दोन तुकड्यांत. दुसऱ्यात जिन्यातला बल्ब वारंवार कोण चोरतं याचा शोध होता. चोरत कुणीच नव्हतं, तो उडायचा. तेवढ्या भांडवलावर माणसाने घराच्या गॅलरीत 'अन्वेषण कार्यालय' थाटलं होतं.

तरीही त्यांना इथे घेऊन आला होता तो खुद्द स्प्रिंगमास्तरच. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण निदान काडी पाण्यावर तरंगते.

प्रकरण असं होतं. क्लब एका इमारतीच्या तळघरात होता आणि तिथल्या कपाटात बारा एअर रायफली होत्या. नळी मधोमध मोडून खाली दाबली की आतली स्प्रिंग चढते आणि घोडा ओढला की छर्रा सुटतो, अशा साध्या बंदुका. त्यातल्या अकरा क्लबाच्या होत्या. त्यांच्या स्प्रिंगा बदलणं, वॉशर बसवणं, त्यांना पुसूनबिसून कपाटात ठेवणं हे स्प्रिंगमास्तरचं काम होतं आणि तेवढं एकच काम त्याला येत होतं. बारावी रायफल एका बँकेतल्या कारकुनाची स्वतःची होती. त्या कारकुनाला सगळे निवांत म्हणत. तो छर्राही असा भरायचा, जणू छर्ऱ्याला विचार करायला वेळ देतो आहे.

हल्ली त्या अकरा रायफलींना गंज चढायला लागला होता. आधी नळीच्या टोकाशी चहाच्या भुकटीसारखे ठिपके आले. मग ते पसरले. लोखंडावरचा तो सुंदर काळा-निळा मुलामा चट्ट्याचट्ट्यांनी उडाला आणि खालून तपकिरी खरखरीत अंग दिसायला लागलं. स्प्रिंगमास्तर घासून काढायचा, आठवड्यात गंज परत हजर. मुलामाच हलक्या दर्जाचा आहे, असं त्याने अध्यक्षबाईंना सांगून पाहिलं.

"जुन्या चार रायफलींचा मुलामा उत्तम होता, असं तुम्हीच सांगत होता," अध्यक्षबाई म्हणाल्या. "त्या का गंजल्या?"

बाईंनी हात पुढे केला आणि कपाटाच्या खोलीची किल्ली मागून घेतली. शनिवारच्या सभेपर्यंत कारण सापडलं नाही तर रायफली दुसऱ्या माणसाकडे जाणार होत्या आणि स्प्रिंगमास्तर घरी. ती किल्ली इतकी वर्षं त्याच्या कमरेला होती. आता त्याचा हात उगाच तिथे जायचा आणि रिकामा परत यायचा. त्याला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटत होती. या वयात, फक्त छर्ऱ्याच्या बंदुकीची स्प्रिंग बदलता येणाऱ्या माणसाला कोण दारात उभं करणार?

तेव्हा ताई म्हणाली होती, "यांना घेऊन जा ना. नाहीतरी घरात बसून माझ्या डब्यांची झाकणं तपासतात." ताईला चार घटका घर मोकळं हवं होतं, एवढाच त्याचा अर्थ होता. स्प्रिंगमास्तर त्याला सल्ला समजला.

भावोजींनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे अध्यक्षबाईंकडून किल्ली मिळवली. दुसरी गोष्ट, मेव्हण्याला त्याच्याच खोलीबाहेर काढलं.

"काम होईपर्यंत कुणी आत यायचं नाही," ते म्हणाले. "पुराव्याला धक्का लागतो."

"मी रोज त्यांना हात लावतो, भावोजी."

"म्हणूनच तू संशयित आहेस. वाईट वाटून घेऊ नकोस, माझ्या नजरेत सगळे सारखे. नातंबितं घरी."

आतून बराच वेळ धडपडण्याचे आवाज आले. एकदा स्प्रिंग सुटल्याचा खटका आला आणि पाठोपाठ भावोजींचा 'आई गं' आला. मोडलेल्या नळीत बोट घालून घोडा ओढू नये, हे लहान पोरालाही शिकवावं लागत नाही. मग बोटाला रुमाल गुंडाळून भावोजी बाहेर आले आणि उलटतपासणीला बसले.

"गंज सुरू व्हायच्या सुमाराला इथे नवीन काय काय आलं?"

स्प्रिंगमास्तरने आठवलं. "टार्गेटचे कागद. छर्ऱ्यांचे डबे. एक बल्ब. आणि तुम्ही दिलेली फडकी."

"फडकी वगळ."

"का?"

"दान दिलेल्या वस्तूवर संशय घेणं असभ्यपणाचं असतं. शिवाय ती माझी आहेत."

स्प्रिंगमास्तरने वगळली. पुढे हे आठवलं की त्याला स्वतःचाच राग यायचा. ती फडकी म्हणजे अन्वेषण कार्यालयाचा लाल पडदा. येणाऱ्या पक्षकारांची ओळख झाकली जावी म्हणून तो लावला होता. पक्षकार येईनात, तेव्हा त्यातल्या अर्ध्याचे तुकडे करून भावोजींनी ते रायफली पुसायला क्लबाला अर्पण केले, आणि अर्पण करताना भाषणही केलं. तेव्हापासून सराव संपला की जो तो आपली रायफल लाल फडक्याने पुसायचा. संध्याकाळी स्प्रिंगमास्तर सगळ्या पुन्हा पुसायचा. गंज दिसायला लागल्यावर तर तो सकाळीही पुसायला लागला. तेलाचा हात फक्त रविवारी, कारण तेलाने बाह्या खराब होतात अशी अध्यक्षबाईंची तक्रार होती. फडकी कधी खडखडीत वाळायची नाहीत, पण तळघरात वाळतं काय, असं म्हणून त्याने तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

भावोजींचा पहिला सिद्धांत असा निघाला की भिंतीपलीकडच्या व्यायामशाळेतली मंडळी मत्सरापोटी गरम पाण्याची वाफ इकडे सोडतात. ते भिंतीला कान लावून बसले. व्यायामशाळेत गरम पाणीच नव्हतं. तिथल्या पहिलवानांनी ही तक्रार उलट भावोजींपाशीच केली आणि आमचं गरम पाणी कुठे गेलं याचा तपास कराल का, म्हणून विचारलं.

दुसऱ्या सिद्धांताच्या वेळी मात्र स्प्रिंगमास्तर क्षणभर चमकला. भावोजींनी एका नळीवरचे ठिपके भिंगातून पाहिले, डोळे मिटले आणि गंभीरपणे म्हणाले, "मीठ."

"काय?"

"या लोखंडाला मीठ लागलंय. त्याशिवाय गंज इतक्या झपाट्याने चढत नाही."

स्प्रिंगमास्तरच्या मनात प्रथमच आशा उगवली. माणूस मूर्ख असला तरी कधीतरी बरोबर असू शकतो, बंद पडलेलं घड्याळही दिवसातून दोनदा असतं. "मग मीठ येतं कुठून, भावोजी?"

"अश्रूंतून. या क्लबातलं कुणीतरी रायफलींना मिठी मारून रडतंय. प्रेमभंग. नेम चुकलेला, दोन्ही अर्थांनी."

आशा जिथून उगवली होती तिथेच परत गेली. पुढचा सगळा वेळ भावोजी सभासदांचे डोळे तपासत फिरले. एक शिंपीणबाई लाल डोळ्यांच्या सापडल्या. त्यांना नुकतीच सर्दी झाली होती. भावोजींनी हळुवार आवाजात, "तो कोण होता?" असं विचारलं, तेव्हा बाईंनी त्यांच्या तोंडावर शिंकून उत्तर दिलं.

शनिवार उजाडला. सभेला सगळे सभासद तळघरात जमले. स्प्रिंगमास्तर मागच्या बाकावर बसला. सभेआधीच त्याने आपला स्क्रू-ड्रायव्हरांचा संच, घासणी आणि तेलाची बाटली पिशवीत भरून ठेवली होती, म्हणजे जाताना घ्यायचा राहायला नको. बारा रायफली टेबलावर ओळीने मांडल्या होत्या. अकरा तपकिरी झालेल्या आणि शेवटची काळीशार, झगझगीत.

"सभाजनहो," भावोजी म्हणाले, "अकरा घरांत चोरी झाली आणि बाराव्या घरात झाली नाही, तर चोर कुठे राहतो?"

शिंपीणबाई शिंकल्या.

"बाराव्या घरात." भावोजींनी दुखरं बोट निवांतकडे रोखलं. "ही एकच रायफल स्वच्छ आहे. या माणसाकडे गंजावरचा गुप्त उपाय आहे. ज्याच्याकडे उपाय, त्याच्याकडेच रोग."

सगळ्या माना निवांतकडे वळल्या. त्याने हातातल्या छर्ऱ्यांच्या डबीचं झाकण सावकाश लावलं. "उपाय कसला हो. मी ती पुसतच नाही."

"पुसत नाही म्हणजे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"कंटाळा येतो. दुकानातून आणली तेव्हा जे तेल होतं तेच अजून तिच्या अंगावर आहे. मास्तर पुसायला मागायचे, तर माझी मी बघतो म्हणायचो. बघतो म्हटलं होतं, पुसतो म्हटलं नव्हतं."

लोक हसले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. "म्हणजे रोज दोनदा पुसलेल्या गंजल्या आणि आळशाची टिकली," त्या म्हणाल्या. "याचा अर्थ पुसणाऱ्याच्या हातातच काहीतरी खोट आहे." त्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. "मास्तर, मला खरंच वाईट वाटतं."

स्प्रिंगमास्तर उठून उभा राहिला. अकरा रायफलींना त्याने पोटच्या पोरांसारखं पुसलं होतं आणि त्या पुसण्यावरच खापर फुटत होतं. "मी आजवर कधी..." एवढंच तो म्हणाला.

"गुन्हेगार कुटुंबातलाच निघाला याचं दुःख मलाही आहे," भावोजी म्हणाले आणि त्यांनी पाच मिनिटांपूर्वीचा सिद्धांत मोज्यासारखा उलटा केला. "पण मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, तू संशयित आहेस."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो बहुधा असाच कॉलर वर करून उभा असतो.

तेवढ्यात जिन्यावरून पाणी ठिबकत खाली आलं आणि त्यामागून ताई आली. तिच्या हातात प्लॅस्टिकची बादली होती आणि बादलीत लाल चिंध्यांचा लगदा.

"अहो, हे घ्या तुमचं दान," ती नवऱ्याला म्हणाली. "पडद्याचा उरलेला अर्धा. कधीपासून न्हाणीघर अडवून बसलाय. मला आंघोळीला बादली नाही."

"मी एका गंभीर प्रकरणात आहे."

"असा. पण हे निदान खळबळून तरी वाळत घाला. लाल रंग जाऊ नये म्हणून मीठ घालून भिजवायला सांगितलं, तर तुम्ही अख्खी पिशवी उपडी केलीत. साध्या पाण्यातून दोनदा काढल्याशिवाय ते मीठ जायचं नाही."

अध्यक्षबाईंनी टेबलावरचं एक लाल फडकं उचललं, कडेने उमटलेली पांढरी रेघ पाहिली आणि ते ताईपुढे धरलं. "आणि ही आधीची? ही खळबळली होती का?"

ताईने फडक्याला बोट लावलं, बोट जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "मीठच आहे. अहो, तुम्ही तशीच वाळत घातलीत?"

"तू भिजवायला सांगितलंस," भावोजी म्हणाले. "खळबळायचं मी नंतर... तपासात गुंतलो होतो."

स्प्रिंगमास्तर मटकन खाली बसला. म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ, जीव लावून, त्याने अकरा रायफलींना मीठ चोळलं होतं. जितकं जास्त प्रेम, तितका जास्त गंज. त्याला हसावं की भावोजींच्या डोक्यात बादली घालावी ते कळेना, आणि बादली ताईला हवी होती.

"मी मीठ म्हणालोच होतो," भावोजींनी कोट सावरला. "इथे साक्षीदार आहेत."

"तुम्ही अश्रू म्हणाला होता," शिंपीणबाई नाक पुसत म्हणाल्या.

अध्यक्षबाईंनी भावोजींपुढे हात केला, किल्ली परत घेतली आणि ती स्वतः मागच्या बाकापर्यंत नेऊन दिली. "मास्तर, चूक माझी झाली. उद्यापासून रोज तेल लावा. बाह्यांचं मी बघते. आता एवढं घासायचं कुणी?"

स्प्रिंगमास्तरने किल्ली कमरेला अडकवली. हात तिथे गेला आणि या वेळी रिकामा आला नाही. मग त्याने पिशवीतून बारीक तारेची घासणी आणि तेलाची बाटली काढली, ती अकरा रायफलींसोबत आत नेऊन ठेवली आणि दार उघडं धरलं.

"या, भावोजी. तपास अजून अर्धाच झालाय."

भावोजी आत गेले, कारण सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि इतके प्रेक्षक त्यांना पूर्वी कधी मिळाले नव्हते. स्प्रिंगमास्तरने बाहेरून कुलूप लावलं.

"अरे, हे काय?" आतून आवाज आला.

"काम होईपर्यंत कुणी आत यायचं नाही," स्प्रिंगमास्तर म्हणाला. "आणि बाहेरही. पुराव्याला धक्का लागतो."

ताईने लाल चिंध्या जिन्याच्या कठड्यावर पिळून टाकल्या आणि रिकामी बादली उचलली. "किती वेळ लागेल रे यांना?"

"अकरा रायफली आहेत, ताई."

ताईने बादलीकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा कधी नव्हे इतका शांत झाला. "सावकाश होऊ दे," ती म्हणाली. "मी आंघोळ करून जरा झोपते."